बावचीचं तेल आणि फडातलं ऊन

कोडाच्या पांढऱ्या डागावर बावचीच्या बियांचं तेल चोळून डाग उन्हाला धरायचा, हा उपाय आयुर्वेदाच्या ग्रंथांतून खेड्यापाड्यांत उतरला आहे. त्याला भाबडेपणा म्हणणं चूक ठरेल. बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. ते त्वचेत मुरलं आणि त्यावर अतिनील किरण पडले, की रंग तयार करणाऱ्या पेशींना चालना मिळू शकते. इजिप्तमध्येही कोडावर एका रानवनस्पतीची बी अशीच वापरत. तिच्यात सापडणारं याच जातीचं औषध अतिनील दिव्यांसोबत देऊन बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७४ साली सोरायसिस आटोक्यात आणून दाखवला. पण तिथे प्रकाश मोजून दिला जात होता, थोडाथोडा वाढवत नेला जात होता. बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड कामगाराला ऊन मोजून घेता येत नाही. तेल सकाळी लावलं तरी दिवस फडातच काढावा लागतो. सोरालेनने हळवी झालेली कातडी भाजते, आणि फोड बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात, त्यामुळे दोष तेलाचा हे लक्षातही येत नाही. त्याहून वाईट म्हणजे कोडात जखमेच्या जागी नवा डाग उठू शकतो. म्हणजे उपायच रोग वाढवतो.

पिढ्यान् पिढ्या लोक वापरत आले, ते काय उगीच, असं कुणी विचारील. उगीच नाही, गुणकारी झाड त्या अनुभवानेच शोधलं. मात्र किती तेल, किती ऊन आणि कुणाला, याचा हिशेब घरगुती वापरात राहत नाही. झाडपाला औषध म्हणून लागू पडतो तो त्यातल्या द्रव्यामुळे, आणि अपाय करतो तोही त्याच द्रव्यामुळे. बिब्ब्याने उतलेली कातडी मराठवाड्यात कुणाला नवी नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डॉक्टर लांब, रोज बुडतो, आणि मेडिकलमधून आणलेली ट्यूब तरी कुठे निर्धोक आहे? खरंच नाही. गजकर्णावर स्टेरॉइडची मिश्र मलमं लावली की खाज थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते. त्यापुढे करंजाचं तेल कितीतरी सौम्य. पण यावरून झाडपाल्याची बाजू सिद्ध होत नाही. निदानाशिवाय लावलेलं कुठलंही औषध धोक्याचं, एवढंच सिद्ध होतं. फिकट डागाला स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोगही असू शकतो. त्यावरची औषधं सरकार मोफत देतं, आणि बावची चोळण्यात गेलेल्या महिन्यांत नसा कायमच्या निकामी होऊ शकतात. म्हणून त्वचेची तपासणी टोळी गाव सोडण्याआधी, प्राथमिक आरोग्य केंद्रातच व्हायला हवी, आणि ज्याच्या डागाविषयी शंका असेल त्याला अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायला हवं. तपासणाऱ्याने घरी काय लावता हेही न रागावता विचारावं. रागावलं की माणूस तेल लपवतो, आणि मग भाजल्याचं कारण सापडत नाही.