विश्लेषण : चिपलाही असतो ‘अंगठ्याचा ठसा’! स्मार्ट उपकरणांची ओळख पटवणारे ‘पफ’ तंत्रज्ञान काय आहे?

घरातला सीसीटीव्ही कॅमेरा, मोबाइलवरून लावता येणारा दिवा, दाराचे डिजिटल कुलूप, स्मार्ट वीजमीटर… ही सगळी उपकरणे इंटरनेटवरून कुठल्या तरी सर्व्हरशी बोलत असतात. पण पलीकडून बोलणारे उपकरण खरेच तुमच्या घरातले आहे, की त्याचे सोंग घेतलेले दुसरेच कोणी, हे सर्व्हरने ओळखायचे कसे? त्यासाठी चिपच्या जन्मजात ठशाचा उपयोग केला जातो. मोबाइल उघडताना आपण देतो तो बोटाचा ठसा वेगळा. हा ठसा खुद्द यंत्राचा आहे.

पासवर्ड का पुरत नाही?

कारण तो बदललाच जात नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने कारखान्यातून ठरवून दिलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साधारण ६० जोड्या आजमावत जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतील ‘डिन’ कंपनीच्या सर्व्हरवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

गुप्त किल्ली चिपमध्ये साठवली तर?

पासवर्डपेक्षा हा मार्ग बरा, पण साठवलेली वस्तू चोरता येते. त्याच वर्षी एयाल रोनेन, अदी शमीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिप्सच्या ‘ह्यू’ स्मार्ट दिव्यांवर प्रयोग केला. चिप काम करत असताना तिच्या वीजवापरात होणारे सूक्ष्म चढउतार मोजून त्यांनी सॉफ्टवेअर अपडेटची गुप्त किल्ली शोधून काढली. त्यासाठी लागलेले साहित्य अवघ्या काही शे डॉलरचे होते. शिवाय, त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांना एकच किल्ली होती. म्हणजे एक दिवा फुटला की सगळेच उघडे! संशोधकांनी आधीच कळवल्यामुळे कंपनीने दुरुस्ती केली. पण धडा मिळाला. प्रत्येक उपकरणाची किल्ली वेगळी हवी आणि शक्यतो ती कुठे साठवलेलीच नको.

चिपचा ठसा येतो कुठून?

एकाच साच्यातून काढलेल्या दोन गणेशमूर्तीही भिंगातून पाहिल्या तर तंतोतंत सारख्या नसतात. चिपचेही तसेच. आराखडा एकच असला, तरी प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या घडणीत किंचित फरक राहतो. कारखान्यालाही तो ठरवून पुन्हा घडवता येत नाही. या गुणधर्माला ‘फिजिकली अनक्लोनेबल फंक्शन’ म्हणजेच ‘पफ’ म्हणतात. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत श्रीनिवास देवदास आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन चिपसाठी ही कल्पना मांडली.

‘एसरॅम’ या मेमरीत हा ठसा सहज दिसतो. तिच्या प्रत्येक घराचे दोन भाग एकमेकांशी रस्सीखेच करतात. वीज सुरू होताच ज्या भागाचा जोर किंचित जास्त, त्यानुसार ० किंवा १ उमटतो. हजारो घरांतून तयार होणारी ही नक्षी प्रत्येक चिपची निराळी असते आणि त्या चिपवर ती जवळपास तशीच पुन्हा उमटते.

ओळख पटते कशी?

चिप सुरू झाल्यावर या नक्षीतून गुप्त किल्ली तयार केली जाते आणि काम संपले की पुसली जाते. उपकरण बंद असताना किल्ली अस्तित्वातच नसते, त्यामुळे तेव्हा चिप फोडूनही ती तयार स्वरूपात सापडत नाही. सर्व्हर दर वेळी नवा प्रश्न पाठवतो, उपकरण या किल्लीने त्याचे उत्तर देते. किल्ली मात्र वाऱ्यावर जात नाही. तापमान बदलले किंवा चिप जुनी झाली की नक्षीतील काही घरे चुकतात. त्या चुका गणिती पद्धतीने दुरुस्त केल्या जातात.

मग हे तंत्र अभेद्य आहे का?

नाही. काही प्रकारच्या ‘पफ’ची पुरेशी प्रश्नोत्तरे हाती लागली, तर मशीन लर्निंगच्या मदतीने पुढची उत्तरे वर्तवता येतात, हे २०१० मध्ये संशोधकांनी दाखवले. २०१३ मध्ये तर प्रयोगशाळेतील महागड्या उपकरणांनी ‘एसरॅम पफ’ची नक्कलही करून दाखवण्यात आली. आणखी एक मर्यादा मूलभूत आहे. ठसा ‘तू कोण’ एवढेच सांगतो, ‘तू नीट वागतोस का’ हे नाही. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्येच भगदाड असेल, तर अस्सल ओळखपत्र असलेला कॅमेराही हल्लेखोराच्या इशाऱ्यावर नाचू शकतो.

ग्राहकाने काय पाहावे?

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून ग्राहकोपयोगी स्मार्ट उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देण्यास मनाई केली. भारतातही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणीचे नियम एप्रिल २०२५ पासून लागू झाले. चिपमध्ये ठसा आहे की नाही हे खोक्यावर सहसा लिहिलेले नसते. पण सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे दुकानदाराला विचारता येते. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, अपडेट टाळू नका आणि बाहेरून पाहण्याची सोय नको असेल तर ती बंद ठेवा. चिपचा ठसा कितीही अस्सल असला, तरी ही कामे तो आपल्यासाठी करत नाही.