घोडा कुणाचा?

शाळकरी वयात कृष्णेच्या घाटावर बसून मी नाथमाधवांची ‘वीरधवल’ वाचली आणि पुढे हाती लागतील तेवढ्या अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचून काढल्या. त्यांतल्या राज्यांत योद्धा म्हणजे फक्त योद्धा. तो पगार मागत नाही आणि त्याच्या घोड्याला नाल कोण ठोकतो हेही कळत नाही. पुढे बखरींकडे वळलो, तेव्हा नेमके हेच प्रश्न सामोरे आले.

सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांसाठी जिंजीला बखर लिहिली. तिच्यातला स्वार ओळखायचा तो घोडा कुणाचा यावरून. घोडा सरकारचा असेल तर तो बारगीर, स्वतःचा असेल तर शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. शिलेदारांना पागेच्या हुकमतीत ठेवले होते. कारण उघड आहे. ज्याचा घोडा स्वतःचा, तो उद्या मालक बदलू शकतो. म्हणजे योद्ध्याचे समाजातले स्थान शौर्याइतकेच मालकीवरही ठरत होते.

दुसरी बाजू रयतेची. पावसाळ्यात लष्कर छावणीत परते आणि दसऱ्याला मुलूखगिरीसाठी बाहेर पडे. छावणीतले चार महिने धोक्याचे. रिकामा शिपाई शेजारच्या शेतकऱ्याला जड होतो. चिपळूणच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र याच काळजीचे आहे. दाणावैरण पुरवून वापरा, रयतेला उपद्रव देऊ नका, दिव्याची जळती वात उंदीर पळवील आणि गवताच्या गंजी पेटतील, इतका बारीक विचार त्यात आहे.

उरतो अखेरचा प्रश्न : योद्धा पडला तर घराचे काय? आमच्याकडे देवळांबाहेर वीरगळ दिसतात. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा. दगडातली कथा स्वर्गात संपते; घर त्या चौकटींत येत नाही. सभासद मात्र घरापर्यंत जातो. १६५९ मध्ये अफझलखानाचा तळ इथे वाईत होता. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली तो मारला गेला आणि त्याची फौज मोडली. त्या लढाईत पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले आणि जखमींना जखमेप्रमाणे होन दिले, असे तो नोंदवतो.

काल्पनिक राज्य रचणाऱ्याने तलवारी हव्या तितक्या परजाव्यात. पण त्या राज्यात नालबंद नसेल आणि पडलेल्याच्या बायकोला निम्मे वेतन देणारा कारकून नसेल, तर तिथले योद्धे कुणासाठी लढतात हे वाचकाला कळणार नाही. घाटावर बसलेल्या त्या मुलाला ते कळले नव्हते. आणि आपण आजही पुतळे उभारताना बहुधा तेवढेच विसरतो.