क्षमापत्र आणि अनुवाद

समाजमाध्यमांच्या युगात एकाधिकारशाही शासन विरोधी मजकूर केवळ पुसत नाही. चीनमध्ये दिसते त्याप्रमाणे, सामान्य नागरिकाच्या आवाजात स्वतःची स्तुतीही लिहवून घेते. विरोधकाच्या मौनाहून त्याची संमती सत्तेला अधिक मोलाची वाटते. या तंत्राचे पूर्वरूप रायपूरला दीर्घकाळ राहिलेले मराठीभाषी हिंदी संपादक माधवराव सप्रे यांच्या चरित्रात आढळते. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरात ‘हिंदी केसरी’ काढला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि क्षमापत्र दिल्यावर सुटका झाली. पुढे त्यांनी ‘दासबोध’ आणि टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले. क्षमापत्राने संपादकाची लेखणी थांबविली. अनुवादकाची थांबविता आली नाही.