विश्लेषण : सेफ्टी रेझर हाती घेतल्यावर गाल का कापतो?

एक दुधारी ब्लेड काही रुपयांत मिळते. तीन ते पाच पात्यांच्या एका कार्ट्रिजसाठी मात्र शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. हा हिशेब पाहून अनेक तरुण वडिलांच्या काळातल्या धातूच्या सेफ्टी रेझरकडे वळतात आणि पहिल्याच आठवड्यात हनुवटीवर कागदाचा कपटा चिकटवून ऑफिसला पोहोचतात. मग रेझर पुन्हा कपाटात जातो. खरे तर दोष बहुतेक वेळा हाताला लागलेल्या जुन्या सवयीचा असतो.

कार्ट्रिज सोडल्यावर नेमके काय बदलते?

कार्ट्रिजचे डोके लवचीक असते. जबड्याच्या वळणावर ते स्वतःच वळते आणि दाब अनेक पात्यांवर विभागला जातो. त्यामुळे घाईत जोर लावला तरी सहसा निभावून जाते. सेफ्टी रेझरचे डोके पक्के बसवलेले असते. पाते त्वचेला किती तिरके लागावे आणि किती जोराने लागावे, ही दोन्ही कामे आता मनगटाला करायची असतात.

हा रेझर किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी उद्योजकाने १९०३ मध्ये बाजारात आणला. त्या वर्षी जेमतेम ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकली गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात त्याचा समावेश झाला आणि घरच्या घरी दाढी करण्याची सवय पसरली. १९७१ मध्ये दोन पात्यांचे कार्ट्रिज आले. पुढे पात्यांची संख्या वाढत गेली, किंमतही.

दाब किती द्यायचा?

जवळजवळ नाहीच. धातूच्या रेझरचे स्वतःचे वजन केस कापायला पुरेसे असते. दांडा मुठीत आवळून धरू नये. तो खालच्या टोकाकडे, बोटांच्या चिमटीत धरावा, म्हणजे जोर लावायचे म्हटले तरी फारसा लागत नाही.

कोन सापडण्याची सोपी रीत अशी. रेझरच्या डोक्याचा वरचा भाग गालावर टेकवावा, दांडा गालापासून सरळ बाहेर आलेला असेल. आता दांडा हळूहळू खाली आणत हलकेच ओढून पाहावे. ज्या क्षणी केस कापल्याचा बारीक खरखर आवाज येईल, तिथे थांबावे. पाते आणि त्वचा यांच्यात साधारण ३० अंशांचा कोन झालेला असतो. दांडा आणखी खाली गेला तर पाते त्वचा खरवडू लागते. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस मोबाइलवर गाणी लावू नयेत. आवाज बंद झाला की कोन चुकला, हे कानाला आधी कळते.

हात लांब फिरवू नये. दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे फटकारे मारावेत आणि दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरावी. कंठमण्यावर सर्वाधिक कापते. तिथली त्वचा थोडी बाजूला सरकवून सपाट भागावर दाढी करावी. ओठाच्या वर ओठ दातांवर ताणून घ्यावा.

उलटा हात फिरवावा का?

नवख्याने पहिले दोन आठवडे तरी नाही. सलूनमध्ये उलटा हात मारून घेण्याची सवय असल्याने घरीही तशीच गुळगुळीत दाढी हवी असते आणि घोटाळा तिथेच होतो. त्वचेला अगदी लागून कापलेला केस, विशेषतः कुरळा असेल तर, वाढताना आतल्या आत वळतो आणि त्या जागी लाल पुटकुळी येते. मानेवर हे जास्त दिसते.

शिवाय केस सगळीकडे खालच्या दिशेने वाढतात, हा समज चुकीचा आहे. अनेकांच्या मानेवर ते आडवे, काहींच्या तर खालून वर वाढतात. एक दिवसाची दाढी वाढू देऊन बोटे फिरवून पाहावी. जिकडे बोट सहज सरकते ती केसांची दिशा. पहिला हात त्याच दिशेने. खुंट राहिले तर पुन्हा फेस लावून आडवा हात. फेस नसलेल्या जागेवर ‘जाता जाता एकदा’ म्हणून रेझर फिरवणे हे जळजळीचे हमखास कारण.

आधीची तयारी किती महत्त्वाची?

कोरडा केस राठ असतो. पाणी शोषल्यावर तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो. म्हणून अंघोळीनंतर दाढी करणे उत्तम. ते जमत नसेल तर कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे चेहरा भिजवावा. ब्रशने केलेला फेस घोटलेल्या दह्यासारखा दाट हवा. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झाले. बोअरचे जड पाणी असेल तर साबणाला फेस येत नाही. अशा वेळी फेसापुरते गाळणीयंत्रातले पाणी घ्यावे.

पाण्याच्या सवयीकडे कंपन्यांचेही दुर्लक्ष झाले होते. भारतासाठी बनवलेल्या एका रेझरची चाचणी जिलेटने अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर केली. तिथे नळाचे वाहते पाणी होते. इथे लोक पेल्याभर पाण्यात दाढी उरकत होते आणि त्या पाण्यात रेझरमध्ये अडकलेले केस निघेनात. पुढे २०१० मध्ये एकाच पात्याचा, सहज धुता येणारा रेझर १५ रुपयांना आला. सेफ्टी रेझर पेल्यात हलवला तरी साफ होतो, ही त्याची जमेची बाजू.

ब्लेड किती दिवस चालते?

त्वचारोगतज्ज्ञांची अमेरिकी संघटना पाच ते सात वेळा वापरून ब्लेड बदलावे असे सांगते. केस ओढल्यासारखे वाटले तर त्याआधीही बदलावे. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, मग ते बोथट कसे होते? अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याचे उत्तर दिले. कापताना केस वाकतो आणि पोलादाची रचना जिथे असमान असेल तिथे धारेचा सूक्ष्म कपचा उडतो. टॉवेलने पाते पुसू नये. धार बिघडते आणि बोटही कापते. नुसते धुऊन झटकावे.

तुरटीचा उपयोग होतो का?

होतो. तिने बारीक कापल्याचे रक्त थांबते. आणखी एक फायदा शिकणाऱ्यासाठी मोठा आहे. दाढीनंतर ओली तुरटी फिरवल्यावर जिथे झोंबते, तिथे दाब जास्त पडला होता. दोन आठवड्यांत झोंबणाऱ्या जागा कमी व्हायला हव्यात. मात्र तुरटी आणि रेझर प्रत्येकाचे वेगळे हवे. ब्लेडवरच्या रक्ताच्या अंशातून हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतो. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असलेल्यांनी किंवा चेहऱ्यावर पिकलेली मुरमे असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

जुन्या ब्लेडचे काय करावे?

अमेरिकेत एकेकाळी न्हाणीघरातील कपाटाला मागे फट असे. वापरलेली ब्लेड त्यातून थेट भिंतीच्या पोकळीत पडत. आपल्याकडे ती कागदात गुंडाळून कचऱ्यात जातात आणि पुढे सफाई कामगाराचा हात कापतात. झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा छोटा डबा यासाठी पुरतो. तो भरला की चीर चिकटपट्टीने बंद करावी, वर ‘ब्लेड’ असे लिहावे आणि घंटागाडीवर वेगळा, सांगून द्यावा.