विश्लेषण : बोराची बी, चिंचोका, सुपारी… फळांच्या बियांवर कोरीवकाम होते तरी कसे?

मोबाइलवर हस्तकलेच्या चित्रफिती पाहणाऱ्यांसमोर हा प्रकार हमखास येतो. पीच किंवा अ‍ॅव्होकॅडोची बी चिमटीत धरून कुणीतरी तिच्यातून दोन मिनिटांत बुद्धाचा चेहरा, नाहीतर घुबड बाहेर काढतो. प्रत्यक्षात त्या दोन मिनिटांमागे अनेक तासांचे काम असते, हे चित्रफितीत दिसत नाही. पाहणाऱ्याला मात्र हुरूप येतो. संगमनेरसारख्या गावात पीच किंवा अ‍ॅव्होकॅडो सहज हाताशी नसतो, म्हणून आंब्याची कोय उचलली जाते आणि ती थोड्याच वेळात दुभंगते.

यात दोष हाताचा नसतो. कोय, बोराची बी, चिंचोका आणि सुपारी यांना आपण सरसकट ‘बी’ म्हणतो, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या वेगवेगळ्या वस्तू आहेत. हा फरक कळला की कशावर कोरता येईल, कशाला हात लावू नये आणि बाजारात रुद्राक्ष घेताना फसगत कशी टळेल, हे तिन्ही प्रश्न बरेच सोपे होतात.

आपण नेमके काय कोरत असतो?

आंबा, बोर, पीच, जर्दाळू यांच्या आत जो टणक भाग असतो, ती खरी बी नव्हे. फळाच्या भिंतीचा सर्वांत आतला थर लिग्निन साचून लाकडासारखा कडक होतो आणि बीभोवती डबी तयार करतो. खरी बी या डबीच्या आत असते. नारळाची करवंटी हाही तोच थर. पीचमध्ये ही डबी जाड आणि भरीव असते, म्हणून तिच्यावर खोल कोरता येते. आंब्यात ती पातळ, चपटी आणि बाहेरून धाग्यांनी वेढलेली असते. कोयीवर पटाशी चालवली की ती तंतूंच्या दिशेने चिरते, ती यामुळे.

चिंचोका, खजुराची बी आणि सुपारी यांचे तसे नाही. या खऱ्या बिया आहेत आणि त्यांचा टणकपणा रोपासाठी साठवलेल्या अन्नाचा आहे. खजुराच्या बीत हे अन्न मॅनन नावाच्या शर्करेच्या रूपात पेशींच्या जाड भिंतींमध्ये साठते. दक्षिण अमेरिकेतील टाग्वा नावाच्या पामची बी याच कारणाने हस्तिदंतासारखी पांढरी आणि कठीण होते. प्लास्टिक येण्यापूर्वी इक्वेडोरमधून या बिया जहाजे भरभरून युरोपात जात आणि त्यांची कोटाची बटणे होत. आपल्याकडची खारकेची बी त्याच जातकुळीची. फक्त आकाराने लहान.

थोडक्यात, डबी कोरणे हे लाकूड कोरण्यासारखे आहे आणि भरीव बी कोरणे हे हाड किंवा शिंग कोरण्यासारखे. हत्यार आणि हाताचा जोर त्याप्रमाणे बदलतो.

महाराष्ट्रात अशी कला होती का?

फळांच्या बियांवर मूर्तिकाम करणारे घराणे वगैरे महाराष्ट्रात प्रसिद्ध नाही. पण बी घासून, टोकरून तिची वस्तू बनवणे हे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्याला कुणी कला म्हटले नाही इतकेच. चिंचोका मधोमध फोडला किंवा दगडावर एका बाजूने घासला की एक अंग तपकिरी आणि दुसरे पांढरे होते. असे चार चिंचोके म्हणजे पटावरच्या खेळाचे फासे. कवड्या नसलेल्या घरांत चल्लससारखे खेळ यावरच चालत.

पावसाच्या सुरुवातीला उकिरड्यावर रुजलेली कोय उचलायची, वरचे कवच सोलायचे, आतला गर एका टोकाला दगडावर तिरका घासायचा आणि दोन दलांच्या फटीत फुंकायचे. ही कोयीची पिपाणी आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांनी वाजवलेली असेल. सागरगोट्यांना तर काही करावेही लागत नाही, निसर्गानेच ते गुळगुळीत करून दिले आहेत. सावंतवाडीच्या गंजिफा रंगवताना पानांना जो लेप देतात, त्यातही चिंचोक्याची खळ लागते.

आणि सुपारी. कोणत्याही पूजेत गणपती म्हणून तांदळावर बसते ती. लग्नाच्या रुखवतात सजवलेल्या सुपाऱ्या मांडण्याची हौस अजूनही टिकून आहे. मात्र तिथे सुपारीला वरून टिकल्या, जर, रंग लावले जातात. तिला आतून कोरण्याचे काम आपल्या शेजारच्या राज्यात झाले.

रीवाची सुपारी वेगळी कशी?

मध्य प्रदेशातील रीवा शहरात सुपारीपासून गणेशमूर्ती, देवळे, दिवे, हातातल्या काठ्यांच्या मुठी बनतात. कुंदेर कुटुंबाच्या काही पिढ्या हे काम करत आल्या आहेत. संस्थानी काळात विड्यासाठी सुपारी नक्षीदार कातरून देण्याच्या कामातून ही खेळणी जन्माला आली, असे तिथे सांगितले जाते. एकेक सुपारी लेथवर फिरवून तिचे गोल, वाटी, पाकळी असे सुटे भाग काढायचे आणि ते चिकटवून मूर्ती उभी करायची, अशी ही पद्धत. त्यामुळे वस्तूचा आकार सुपारीच्या आकारावर अडत नाही.

सुपारी कापली की आत पांढऱ्या-तपकिरी रेषांचे जाळे दिसते. अडकित्ता चालवणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलेले असते. रीवाच्या वस्तूंना रंगाची फारशी गरज पडत नाही, याचे कारण हे जाळे. रायगडमधील श्रीवर्धनची रोठा सुपारी मराठी माणसाला नावाने ठाऊक आहे. तिच्यावर असा प्रयोग करायला कोकणात वाव आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

चीन आणि युरोपात ही कला कुठवर गेली?

या कलेचे माहेरघर चीन. तैवानमधील तैपेई येथील राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात ऑलिव्हच्या बीत कोरलेली एक नौका आहे. चेन त्सु-चांग या कारागिराने ती 1737 मध्ये केली. लांबी 3.4 सेंटीमीटर, उंची 1.6 सेंटीमीटर. नौकेत आठ माणसे बसली आहेत, खिडक्यांची दारे उघडतात-मिटतात आणि तळावर तीनशेहून अधिक चिनी अक्षरांचे एक संपूर्ण काव्य कोरलेले आहे. हे ऑलिव्ह म्हणजे तेलाचे ऑलिव्ह नव्हे. चिनी ऑलिव्ह हे वेगळे झाड असून त्याची बी मोठी, दोन्ही टोकांना निमुळती, म्हणजे जात्याच होडीच्या आकाराची असते. कारागिराने बीतली होडी ओळखली, असे म्हणणे जास्त योग्य.

इटलीतील बोलोन्या शहरात सोळाव्या शतकात प्रोपेर्झिया दे रॉसी या शिल्पकार स्त्रीने पीचच्या बियांवर संतांच्या प्रतिमा कोरल्या. त्या काळात स्त्रियांना संगमरवर सहज मिळत नसे. तिला पुढे चर्चचे दगडी कामही मिळाले. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या ‘ग्रीन व्हॉल्ट’ संग्रहालयात चेरीची एक बी आहे, तिच्यावर 185 चेहरे असल्याची ख्याती आहे.

आपल्या भागात सुरुवात कशापासून करावी?

सर्वांत आधी चिंचोका. अहिल्यानगरच्या बाजारात चिंचेचा मोठा व्यापार होतो आणि चिंच फोडून झाली की चिंचोके पोत्याने उरतात. ते खळ-पावडरीसाठी विकले जातात, पण घरगुती छंदाला मूठभर सहज मिळतील. वरचे तपकिरी साल थोडेसे खरवडले की आतला पांढुरका गर दिसतो. म्हणजे रंग न वापरता दोन रंगांचे चित्र होते. साल तेवढे काढून पान, मासा, अक्षर असे आकार नवख्यालाही जमतात.

बोराची बी जानेवारीत, बोरन्हाणाच्या दिवसांत मुबलक असते. ती लहान आणि फार टणक असते, शिवाय पृष्ठभाग खडबडीत. तिला पटाशी दाद देत नाही. सोनारकामातल्या बारीक कानशीच लागतात. अकोल्याच्या डोंगरातून येणाऱ्या हिरड्याच्या आतील बीही अशीच चिवट. नारळाची करवंटी जागा भरपूर देते, म्हणून मुलांना शिकवायला ती बरी. जांभळाची बी वाळली की आक्रसते, तिच्या नादी लागू नये.

अ‍ॅव्होकॅडो मिळालाच तर त्याची बी ताजी असताना साबणासारखी कापली जाते. हवा लागताच ती केशरी-लाल होते आणि वाळताना बरीच आकसते. चेहरा कोरला असेल तर वाळल्यावर त्याला सुरकुत्या पडतात. म्हणूनच त्या चित्रफितींमध्ये म्हातारेबुवा जास्त दिसतात.

बी कोणतीही असो, आधी गर धुऊन ती सावलीत दोन-तीन आठवडे वाळवावी. ओली बी कोरली की पुढे तडकते, आणि तिला कीड लागते ती वेगळीच. यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे बी धरायची कशी. इवलीशी बी बोटात धरून दुसऱ्या हाताने टोकदार हत्यार चालवले की ते निसटून थेट तळहातात जाते. सोनार लहान दागिना लाखेत बसवून त्यावर काम करतात. तसेच करावे. लाकडी दांडीच्या टोकाला लाख वितळवून त्यात बी अर्धी रुतवायची. लाख नसेल तर लाकडाच्या ठोकळ्यात बीच्या मापाचा खळगा करून ती घट्ट बसवली तरी चालते. मिनी ग्राइंडर वापरणार असाल तर चष्मा आणि मास्क हवाच, कारण ही धूळ पिठासारखी बारीक असते. शेवटी पॉलिश पेपर आणि जवसाच्या तेलाचा पुसटसा हात. खोबरेल वाळत नाही, त्यावर धूळ बसते.

कोणत्या बियांना हात लावू नये?

गुंज. लाल-काळी, चकचकीत, जणू मण्यासाठीच घडवलेली. पूर्वी सोनार हिनेच सोने तोलत; 96 गुंजांचा एक तोळा. तिच्यात अ‍ॅब्रिन हे अत्यंत जहाल विष असते. साल शाबूत असेल तर ते आत अडकून राहते, पण भोक पाडले, घासले किंवा चावले की बाहेर येते. ब्रिटनमधील ‘इडन प्रोजेक्ट’ या प्रसिद्ध उद्यानाने आपल्या दुकानातून विकलेली गुंजांची ब्रेसलेट 2011 मध्ये परत मागवली होती, ती याच भीतीने.

दुसरी बिट्टी, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची त्रिकोणी बी. मुले तिच्याशी खेळतात, पण आतला गर हृदयावर परिणाम करणारा विषारी आहे. एरंडीही टाळावी. पीच आणि जर्दाळूचे कवच कोरायला निर्धोक असले तरी फोडल्यावर निघणारा कडवट गर बदाम समजून खाऊ नये. पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड तयार होते.

याचा रुद्राक्षाशी काय संबंध?

रुद्राक्ष हीसुद्धा फळाच्या आतली डबीच आहे. नेपाळ, इंडोनेशिया आणि हिमालयाच्या पायथ्याशी वाढणाऱ्या झाडाला निळी फळे येतात, त्यांचा गर काढला की रुद्राक्ष उरतो. त्यावरच्या उभ्या रेषा म्हणजे ‘मुखे’. डबीच्या आत जितके कप्पे, तितक्या रेषा. पाच कप्प्यांची फळे सर्वाधिक लागतात, म्हणून पंचमुखी स्वस्त. एकमुखी अतिदुर्मीळ, म्हणून त्याची किंमत प्रचंड.

इथेच कोरीवकामाची कला वाकड्या वाटेला लागते. साध्या रुद्राक्षावर जादा रेषा कोरून मुखे वाढवली जातात, किंवा मुळातली रेषा भरून ती कमी केली जातात. सुपारी कोरून ‘एकमुखी’ तयार होतो. त्यावर नाग किंवा त्रिशूळ चिकटवला की भाव आणखी चढतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा 2027 चा सिंहस्थ आता दूर नाही. संगमनेर नाशिक-पुणे महामार्गावरच असल्याने ही बाजारपेठ इथून तास-दोन तासांवर आहे.

पाण्यात बुडाला तो खरा, ही लोकप्रिय परीक्षा भरवशाची नाही. सुपारीही बुडते आणि खरा पण वाळलेला रुद्राक्ष तरंगू शकतो. तांब्याच्या दोन नाण्यांमध्ये फिरतो का, या परीक्षेलाही शास्त्रीय आधार नाही. त्यापेक्षा भिंगातून पाहावे. नैसर्गिक रेषा एका टोकाच्या छिद्रापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते आणि आजूबाजूचे उंचवटे तिच्याकडे आपोआप वळलेले असतात. कोरलेली रेषा उंचवट्यांना मधूनच छेदते आणि तळाशी हत्याराचे सरळ ओरखडे दिसतात. चिकटवलेला भाग गरम पाण्यात अनेकदा सुटतो. मोठी रक्कम मोजायची असेल तर एक्स-रे काढून आतले कप्पे मोजता येतात. एकदा स्वतः बोराची बी कानशीने घासून पाहिलेल्या माणसाला हा फरक लवकर दिसतो.

बी कोरायची की पेरायची?

हा प्रश्न संगमनेरमध्ये विचारला जाणारच. सहकारमहर्षी भाऊसाहेब थोरात यांनी 2006 मध्ये इथे दंडकारण्य अभियान सुरू केले आणि बिया जमवून डोंगर-माळरानांवर पेरण्याची सवय तालुक्यातील शाळांना लागली. शेजारच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी देशभर ओळखल्या जातात.

उत्तर बीच्या आयुष्यावर अवलंबून आहे. आंबा आणि जांभूळ यांची बी वाळली की मरते, त्यामुळे ती खाल्ल्यावर लगेच रुजवावी. कोरायला ती तशीही बरी नाही. हौसच असेल तर कोय कडेने अलगद उघडून आतला गर मातीत आणि कोरडे कवच मुलांच्या हातात द्यावे. चिंचोका नीट वाळवून ठेवला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत सहज टिकतो. निवडून टपोरे पेरणीला ठेवायचे, चपटे-वाकडे कोरायला. बोराच्या बीचे कवच फोडले तर आतली बी लवकर उगवते, रोपवाटिकांमध्ये हे करतातच. म्हणजे जानेवारीत बोरन्हाण झाल्यावर अंगणात सापडणाऱ्या बियांमधून निम्म्या फोडून कुंडीत टाकता येतील आणि निम्म्या कानशीखाली घेता येतील.