बिंदू खरा, बाण खोटा

राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे गावाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, कातळात एक माणूस कोरलेला आहे. त्याच्याजवळ होकायंत्र ठेवलं की काटा उत्तर सोडून भलतीकडे वळतो, कारण तिथला खडकच चुंबकीय आहे. अशा जागी मोबाईलमधला नकाशा उघडला तर आपण कुठे उभे आहोत हे सांगणारा बिंदू बरोबर जागेवर असतो. आपलं तोंड कुठे आहे हे सांगणारा बाण मात्र फसू शकतो. बाण चालतो मोबाईलमधल्या चुंबकीय संवेदकावर, आणि त्याला पायाखालचा दगड चकवतो. बिंदू ठरतो आकाशातून. तिथवर दगडाचा हात पोचत नाही.

हे आकाशातलं काम थक्क करणारं आहे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह अखंड वेळ सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोचले, यावरून मोबाईल आपली जागा काढतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून सेकंदाचा अब्जावा भाग चुकला तरी अंतरात 30 सेंटिमीटरचा फरक पडतो. त्यात भर म्हणजे वरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे धावतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक साचेल!

सन 2000 पर्यंत अमेरिकी सरकार नागरिकांसाठीच्या संदेशात मुद्दाम खोट घालत असे. जागा शंभरेक मीटरने चुकायची. 2 मे 2000 रोजी ती खोट काढली गेली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगॉनमधल्या रानात एक काळी बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. काही दिवसांतच ती सापडली आणि जिओकॅशिंगचा खेळ सुरू झाला. डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं, आतलं काही घेतलं तर बदल्यात काही ठेवायचं. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत, आणि पोराबाळांसकट अख्खी कुटुंबं ते हुडकत डोंगर तुडवतात.

रत्नागिरीत याच खेळाचा फार जुना भाऊबंद जांभ्याच्या सड्यावर पसरलेला आहे. हत्ती, मासे, मोर, वाघ, इतकंच काय, आज कोकणात नावालाही नसलेला गेंडा. ही कातळशिल्पं काही हजार वर्षांपूर्वीची. त्यातली काही दहा हजार वर्षांहूनही जुनी असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पालथे घालून ती उजेडात आणली. त्यांच्याकडे अक्षांश-रेखांशांची यादी नव्हती. वाट दाखवली ती गुराख्यांनी आणि गावकऱ्यांनी. 2022 मध्ये उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ ही स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली.

कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. एवढं मोठं चित्र एका नजरेत मावत नाही. एकाने शेपटीपाशी थांबावं, दुसऱ्याने सोंडेकडे जावं, धाकट्याने कडेकडेने पायांचा माग काढावा, तेव्हा कुठे सगळ्यांना मिळून हत्ती दिसतो. भर दुपारी तर रेषा जवळजवळ पुसल्यासारख्या होतात, कारण सावलीच पडत नाही. सकाळी किंवा उतरत्या उन्हात यावं; तिरप्या प्रकाशात उथळ खोबण्या उठून दिसतात. उपग्रह आपल्याला चित्रापासून चार-पाच मीटरवर आणून सोडतो. पुढचं काम पायांचं, डोळ्यांचं आणि उन्हाचं.

पावसाळा सरता सरता गेलात तर सड्यावरच्या वाटेवर सीतेची आसवं फुललेली असतात. जांभळं, नाजूक फूल. पण ओल्या मातीत दडलेल्या इवल्याशा फुग्यांत ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून पचवते. मुलांना हे गुडघ्यावर बसवून दाखवावं.

मात्र इथे डबे लपवू नयेत. जिओकॅशिंगमध्येच 2004 पासून ‘अर्थकॅश’ हा प्रकार आहे: काहीही न लपवता भूगर्भाची एखादी गोष्ट पाहायची आणि तिच्यावरच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. सड्याला हाच प्रकार शोभतो. जांभा तांबडा का? पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह मागे राहिलं आणि गंजलं. काटा कुठे फिरला? हत्तीच्या पोटात काय काय आहे? वहीत उत्तरं लिहा, चित्रं काढा.

सुरुवात उक्षीपासून करा. गावाला कोकण रेल्वेचं स्थानक आहे आणि तिथला हत्ती मुलांनाही चटकन ओळखू येतो. पाणी, टोपी बरोबर घ्या. रेषांवर चालू नका, खडू फिरवू नका. आणि नोंद नसलेलं एखादं चित्र दिसलंच, तर त्याची जागा समाजमाध्यमांवर टाकण्याआधी ग्रामपंचायतीला आणि अभ्यासकांना कळवा.