गिटारची कुलुपबंद घोडी : अस्सल व परवान्याची

गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत आमच्या वाद्यवृंदावर ओढवलेला प्रसंग पुष्कळ वाचकांच्या स्मरणांत असेल. पहिलेंच गीत संपत आलें असतां गिटारच्या तारा अशा कांहीं सरकल्या, कीं हार्मोनियम एका पट्टींत आणि गिटार भलत्याच पट्टींत, अशी स्थिति झाली. श्रोत्यांत हंशा पिकला आणि वाजविणाऱ्या विद्यार्थ्यानें मान खालीं घातली. दोष त्याचा नव्हता. ती गिटार आम्हीं वर्गणी जमवून, वापरलेली अशी, विकत घेतली होती. आणि घेतांना आमचा सारा भरंवसा तिच्या घोडीवर कोरलेल्या इंग्रजी अक्षरांवर होता. ‘फ्लॉइड रोज यांच्या पेटंटांखालीं परवानाप्राप्त’ असा त्या अक्षरांचा अर्थ. परवाना आहे म्हणजे माल चांगलाच असणार, असें आम्ही धरून चाललों. ही समजूत कोठें चुकली, तें शोधतां शोधतां आम्हांस जें कळलें, तें येथें मांडीत आहों. ज्यांस वाद्यांची गोडी नाहीं, अशा वाचकांसही त्यांत पदार्थविज्ञानाचा एखादा धडा सांपडेल.

सतारीप्रमाणेंच गिटारच्या ताराही एका घोडीवरून जातात. सतारीवर मींड काढावयाची तर वादक पडद्यावर तार बाजूस ओढतो. विजेच्या गिटारवर मात्र घोडीच हलती करण्याची युक्ति निघाली. १९५४ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यांच्या कारखान्यानें ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटार बाजारांत आणली. तिच्या घोडीस एक दांडा होता. दांडा दाबला कीं घोडी पुढें कलते, सहाही तारा सैल पडतात व सूर उतरतो. सोडला कीं पाठीमागच्या पोकळींतील स्प्रिंगा घोडीस पूर्वस्थितीवर आणतात. फेंडर यांनीं या रचनेस ‘ट्रेमोलो’ म्हटलें. वस्तुतः ट्रेमोलो हा आवाजाच्या जोराचा कंप. सुराच्या उंचीचा कंप तो व्हायब्राटो. परंतु नांव चुकलें तें चुकलेंच, आणि आज सारे वादक तेंच वापरतात.

अडचण होती ती परत येण्याची. दांडा दाबतांच तार खुंटीवरील वेढ्यांतून व नटाच्या खाचेंतून थोडीशी सरकते. (नट म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाशीं असलेली, तारांसाठीं खाचा पाडलेली पट्टी.) परततांना घर्षणामुळें ती तंतोतंत आपल्या जागीं येत नाहीं. हा फरक किती सूक्ष्म असला तरी भोंवतो, हें आंकड्यांनींच पाहूं. संगीतशास्त्रांत एका अर्धस्वराच्या अंतराचे १०० भाग कल्पितात व प्रत्येक भागास ‘सेंट’ म्हणतात. सरावलेल्या कानास पांचसहा सेंटांचा फरक जाणवतो. आतां तारेचा सूर ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत चढतो, हा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थी शिकलेच आहेत. त्या हिशेबानें ताणांत शेंकडा १ इतका जरी बदल झाला, तरी सूर आठनऊ सेंटांनीं सरकतो. म्हणजे कानास खुपतो.

१९७० नंतरच्या दशकांत फ्लॉइड रोज नांवाचे एक अमेरिकन वादक याच त्रासानें गांजले होते. त्यांच्याजवळ १९५७ सालची स्ट्रॅटोकास्टर होती. नटास वंगण लावून पाहिलें, खुंटीवरचे वेढे कमी करून पाहिले, गुण येईना. ते दागिने घडवीत असत, त्यामुळें बारीक धातुकामाचीं हत्यारें हाताशीं होतीं. त्यांनीं नटावरच चिमटे बसवून तारा घट्ट आवळल्या, आणि मग घोडीच्या बाजूसही तशाच आवळल्या. दोहों टोकांस कुलूप घातल्यावर तार सरकेल कोठें? पितळेचा नट व आरंभींचे चिमटे या कामीं टिकेनात, तेव्हां ते पाणी दिलेल्या कठीण पोलादाकडे वळले. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सारा वाद त्या पोलादाचाच आहे. १९७९ सालीं त्यांस अमेरिकेंत पेटंट मिळालें. नटाशीं तारा आवळल्यावर खुंट्या पिळून उपयोग नाहीं, म्हणून पुढें घोडीवरच सहा लहान स्क्रू आले. तंबोऱ्याची तार लावून झाल्यावर आपण मणी सरकवून सूर नेमका जुळवितों ना, तेंच काम हे स्क्रू करतात.

आतां ही घोडी डुलते ती कशावर? आमच्या रसायनशाळेंत कांचेच्या पेटींत जो जुना तराजू आहे, तो वाचकांनीं आठवावा. त्याची दांडी अकीकाच्या सुरीधारेवर तोललेली असते. वजन करून झालें, कीं कळ फिरवून दांडी धारेवरून उचलून ठेवा, म्हणून शिक्षक आम्हांस किती वेळां रागें भरले असतील! कारण धार बोथटली कीं तराजू लटका झाला. रोज यांच्या घोडीचें मर्म हेंच आहे. लांकडांत दोन पोलादी खुंट बसविलेले असतात. घोडीच्या तळपट्टीच्या पुढील कांठास दोन ठिकाणीं सुरीसारखी धार काढलेली असते. त्या धारा खुंटांच्या खांचांत टेकतात व सबंध घोडी त्यांवर तरंगते. धारेच्या वरच्या अंगास तारा तिला मानेकडे ओढतात; नेहमींच्या सहा तारांचा हा ताण मिळून सुमारें ४० ते ४५ किलो भरतो. धारेच्या खालच्या अंगास स्प्रिंगा, त्याही मानेकडेच, ओढतात. दोहोंची फिरविण्याची शक्ति सारखी झाली कीं घोडी समतोल राहते; परंतु दोहोंचाही भार शेवटीं पडतो तो त्या दोन बारीक धारांवर. तराजूस निदान विसांवा मिळतो. येथें धार रात्रंदिवस भाराखालीं, आणि वर वादक दांडा हिसकीत असतो तो निराळाच.

अस्सल घोडी व हलकी घोडी यांतील मुख्य भेद येथें आहे. अस्सल घोडीची तळपट्टी कठीण केलेल्या पोलादाची असते. पुष्कळ वर्षें ती जर्मनींतील शालर यांच्या कारखान्यांत तयार होत असे. तिची धार वर्षानुवर्षें टिकते. स्वस्त घोडींत पोलाद मऊ असतें किंवा निव्वळ ओतीव धातु असते. तिची धार दबते, चपटी होते, तिला खळगे पडतात. मग दांडा सोडल्यावर घोडी कधीं खळग्याच्या अलीकडे थांबते, कधीं पलीकडे. तारा ज्यांत आवळावयाच्या त्या सहा बैठकींचीही तीच कथा. अस्सल बैठका पोलादाच्या. हलक्या बैठका बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या. जरा जोरानें स्क्रू पिळला कीं त्यांस तडा जातो, नाहीं तर तार हळूहळू निसटूं लागते.

मग परवान्याचा अर्थ काय? पेटंट म्हणजे शोधकास ठराविक मुदतीपुरता मिळालेला हक्क. ती युक्ति दुसऱ्या कारखानदारास वापरावयाची असेल, तर त्यानें शोधकास मोबदला देऊन अनुज्ञा घ्यावी. ती घेतल्याची खूण म्हणजे घोडीवरचीं तीं अक्षरें. युक्ति चोरलेली नाहीं, एवढेंच तीं सांगतात. पोलादास पाणी दिलें कीं नाहीं, याविषयीं तीं मुकीं आहेत. आम्हीं कायद्याच्या दाखल्यास धातूचा दाखला समजलों, हीच आमची चूक. शिवाय १९७९ च्या त्या पेटंटाची मुदतही गेल्या शतकांतच संपून गेली.

तथापि परवान्याची म्हणून प्रत्येक घोडी टाकाऊ, असें म्हणणें हाही अन्यायच होईल. जपानच्या आयबानेझ गिटारांवर १९८६ पासून आलेली ‘एज’ घोडी परवान्याचीच; पण तिची धार व घडण अशी, कीं अनेक वादक तिला अस्सलाच्या पंक्तीस बसवितात. जपानच्याच गोटो कारखान्याच्या घोडीचाही लौकिक तसाच आहे. उलट, फ्लॉइड रोज हें नांव असलें म्हणजे सर्व प्रकार एकच, असेंही नाहीं. त्याच नांवानें कोरियांत होणारा ‘१०००’ हा प्रकार आहे, आणि ‘स्पेशल’ नांवाचा स्वस्त प्रकारही आहे, ज्याच्या बैठका व खालचा ठोकळा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. तेव्हां नांवापेक्षां वस्तूच पाहावी.

ती पाहावी कशी? आम्ही प्रयोगशाळेंतील लोहचुंबक घेऊन बसलों. पोलादी बैठकीस तो घट्ट चिकटतो. जस्ताच्या बैठकीस चिकटत नाहीं. आमच्या गिटारच्या सहाही बैठकींवरून तो निसटला. तळपट्टीस मात्र तो चिकटला; परंतु पोलाद कठीण कीं मऊ, हें चुंबक सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं तारा सोडून, घोडी उचलून, भिंगाखालीं धार धरली. एका बाजूची धार मधोमध चपटी झाली होती व त्याच बाजूच्या खुंटावर चरा पडला होता. संमेलनांतल्या हंशाचें कारण एवढेंसें होतें; नखाच्या कडेवर मावेल इतकें.

अस्सल घोडी आणून बसवावी, असा विचार आला. परंतु अस्सल घोडीच्या दोन खुंटांमधील अंतर सुमारें ७४.३ मिलिमीटर असतें; आमच्या गिटारचें तितकें भरेना. परवान्याच्या घोड्यांत हीं मापें पुष्कळदां निरनिराळीं असतात, आणि खरेदीपूर्वीं हें कोणीही सांगत नाहीं. जुनीं भोकें लांकडानें बुजवून नवीं पाडावयाचीं, तर खर्च गिटारच्या किंमतीच्या घरांत जातो.

शेवटीं आम्हीं सुतारकामाच्या वर्गांतून सागवानाचा एक लहान ठोकळा तासून घेतला आणि पाठीमागच्या पोकळींत घोडीच्या ठोकळ्याच्या मानेकडील अंगास घट्ट बसविला. आतां घोडी तरंगत नाहीं. दांडा दाबून सूर उतरवितां येतो, चढवितां येत नाहीं. पण सोडला कीं घोडी लांकडावर येऊन टेकते, आणि धारेच्या लहरीवर फारसें कांहीं अवलंबून राहत नाहीं. एखादी तार तुटली तर पूर्वीं उरलेल्या पांचही चढून बेसूर होत. तोही त्रास गेला. नवा खुंट मिळाला तो बसविला आहे. बैठकींचे स्क्रू आवळण्याचें काम तूर्त एकाच विद्यार्थ्याकडे आहे, आणि तो हलक्या हाताचा आहे.